मुदतीच्या आत

आमच्या वेबसाइटवर खरेदी करणाऱ्या एका बाईचा अर्ज आला: माझी तुमच्याकडे असलेली सगळी माहिती द्या, राहता पत्ता धरून. कायद्याने द्यावीच लागते. मी तिची फाइल उघडली. आम्ही गिऱ्हाइकाच्या पाळतीवर असतो आणि त्याला सेवा म्हणतो. आधी पडदे, उशा बघणारी ही बाई महिनाभर नुसती कुलपं आणि दाराच्या साखळ्या बघत होती.

"साहेब, स्वतःच्या घराचा पत्ता दुसऱ्याला कोण विचारतं?"

"ईमेल तिचा, ओळखपत्र तिचं, मुदत आज संपते. नको तिथे नाक खुपसू नकोस. पाठव."

मी उठून शेवटच्या ऑर्डरवरच्या नंबरला फोन लावला. "ताई, तुम्ही तुमच्या ईमेलवरून आमच्याकडे तुमची माहिती मागितलीत?"

"नाही हो." मग आवाज एकदम खाली आला. "तो ईमेल अजून नवऱ्याच्या हातात आहे. मी कुठे राहते ते त्याला माहीत नाही. तुम्ही पत्ता दिला नाहीत ना?"

मागे साहेब माझ्याच खुर्चीत बसले होते. "दिलं गं मीच पाठवून. तुझ्या भरवशावर राहिलो असतो तर दंडच बसला असता."

"ताई," मी फोनवर म्हटलं, "आत्ताच्या आत्ता तिथून निघा."