नेम धरून बसताना

खेळातल्या दुर्बिणीच्या बंदुकीतून पाहिलं की पडद्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका दिसतो. सिर्काचा हात माऊसवर नुसता ठेवलेला होता आणि ठिपका समोरच्या भिंतीवर डावीकडे-उजवीकडे हलत होता, एका लयीत, एका विटेच्या रुंदीत. तिने माऊस सरकवला. ठिपका सरळ खिडकीपर्यंत गेला, वाटेत जराही डगमगला नाही. खिडकीवर ती थांबली, आणि थोड्याच वेळात तो पुन्हा हलू लागला.

"बघ. माऊस हलवताना काही होत नाही," सिर्का म्हणाली. "वाट बघत बसलं की होतं."

"आणि तुझं काम वाट बघत बसण्याचंच," ताइस्तो म्हणाला.

कोत्का गावच्या वाचनालयातल्या संगणकावरच्या खेळांच्या खोलीत त्या वेळी सिर्का, ताइस्तो आणि मार्केत्ता अशी तिघंच होती. शनिवारी तुर्कूच्या संघाशी सामना होता. दोन्ही संघ पेन्शनरांचे. लांबच्या छपरावर बसून शत्रू दिसला की टिपायचा, हे कोत्काच्या संघात सिर्काचं काम. आणि गेल्या दोन सामन्यांत तिचे नेम चुकले होते.

सिर्काने आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ती मुलांना सांगत आली होती. तिने आधी माऊस बदलून पाहिले, एकामागून एक तीन. मग खालची चटई. मग माऊसचा वेग इतका कमी केला की नुसतं मागे वळून पाहायलाही अख्खा हात टेबलभर फिरवावा लागे. शेवटी कॉफी सोडली. तेव्हा मात्र शाळेपासूनची मैत्रीण मार्केत्ता घाबरली. कॉफी सोडलेलं माणूस तिने कोत्कात पाहिलं नव्हतं.

मांडीवर पेपर घेऊन बसलेली असताना सिर्काचा हात हलतो, हे मार्केत्ताने नाताळातच पाहिलं होतं. "दाखवून ये एकदा," असं ती तेव्हाच म्हणाली होती. "सामने संपू देत," असं सिर्काचं उत्तर होतं. त्यानंतर दोघींनी तो विषय काढला नव्हता.

"माऊसने काय ते टेबल पुसत बसता!" ताइस्तोने अंगठ्याने फिरवायच्या काडीची आपली जॉयस्टिक पुढे केली. "तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली मी, काडीनेच. एक डबा पडला नाही."

"काडीने नेम धरायचा म्हणजे क्रेनने दाढी करायची, ताइस्तो."

"कर तरी. दाढी माझी."

मार्केत्ता हसली आणि तिने वेलदोड्याचा पाव मोडून तिघांत वाटला.

सिर्काने जॉयस्टिक घेतली. पहिल्या फेरीत ती भिंतींवरच गोळ्या मारत राहिली. माऊस जिथे नेला तिथे ठिपका जाई. इथे काडी कलती धरली की तो चालतच राही. थांबवायचा तर काडी वेळेवर सरळ करायला हवी. तिसऱ्या फेरीत तिला ते जमू लागलं. तिने ठिपका खिडकीवर आणला, अंगठा काडीवर तसाच ठेवला आणि वाट पाहिली.

ठिपका हलला नाही. कितीतरी वेळ हलला नाही. खिडकीत शत्रू आला आणि पहिल्याच गोळीत पडला.

"माऊसच खराब!" ताइस्तोने टेबलावर थाप मारली. "चारही माऊस खराब! मी सांगत नव्हतो?"

सिर्का खेळाच्या मांडणीचं, म्हणजे सेटिंगचं, पान उघडून एकेक ओळ वाचत होती. एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"ते राहू दे," ताइस्तो म्हणाला. "काडी जराशी हलली तर खेळ ती हललीच नाही असं धरतो. ती मर्यादा आहे."

"शून्य कर."

"कशाला? अगं, काडी झिजलीय, ठिपका आपोआप सरकत बसेल."

"सरकू दे. आधी तुझा अंगठा ठेव."

ताइस्तोने अंगठा ठेवला. ठिपका हळूहळू एका बाजूला सरकला आणि सरकत राहिला, सावकाश, एकाच दिशेने.

"आता मी."

तिने अंगठा काडीवर नुसता टेकवला. ठिपका तसाच सरकत होता, पण सरकता सरकता डावीकडे-उजवीकडे हलत होता. मघाच्याच लयीत.

मार्केत्ताने हातातला पाव खाली ठेवला.

"आता काय बदलायचं राहिलं, सिर्का?"

ताइस्तोने पडद्याकडे पाहिलं, मग सिर्काच्या अंगठ्याकडे, आणि घाईघाईने पुन्हा पडद्याकडे. "एवढं काय त्यात? ती मर्यादा होती तिथे ठेव परत. बसेल ना ठिपका गप्प. शनिवारी कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"नाही कळायचं," सिर्का म्हणाली. तिने मर्यादा पुन्हा पहिल्या आकड्यावर नेली आणि मांडणीचं पान बंद केलं. "शनिवारी काडीनेच खेळते. मला ते छप्पर सोडायचं नाही."

"मग झालं तर!"

"झालं नाही." ती मार्केत्ताकडे वळली. "उद्या सकाळी आरोग्य केंद्र उघडलं की मी जाणार आहे. तू बरोबर चल. मी तिथे काही लपवायला लागले तर तू सांग."