मातीचे तीन खांब

"आधी तपासतो, मग लिहितो," मोजणीदार म्हणाला आणि दगडावर टेकला. सकाळपासूनची ही तिसरी साइट. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

इथे ना नकाशा होता, ना पातळ्यांची नोंद. एक टेकाड होतं, ते मुकादमाच्या माणसांनी खणून सपाट केलं होतं. मधे मातीचे तीन खांब तेवढे न खणता ठेवले होते, माथ्यावर मूळचं गवत तसंच. टेकाड किती उंच होतं, हे आता त्या तिघांनाच ठाऊक. त्यांची उंची मोजायची, सरासरी काढायची, लांबी-रुंदीनं गुणायचं, की किती माती निघाली ते कळलं. मुकादमाचे पैसे त्यावरच ठरत.

काम साधं. पण मागच्या खेपेला दुसऱ्याच एका मुकादमानं खांबांवर हातभर माती चढवून वर गवत लावलं होतं. मोजणीदारानं बिनधास्त उंची लिहिली आणि लबाडी कळल्यावर खोडली. मापपुस्तकात खाडाखोड म्हणजे महापाप. मोठ्या साहेबांनी लेखी बजावलं, पुन्हा चूक झाली तर घरी बसा. निवृत्तीला आठ महिने उरले होते. बायको हल्ली डबा देताना एवढंच म्हणायची, "अहो, नीट बघून लिहा हं."

आणि आज फाटकातच वॉचमन कानाशी लागला होता. "खांबांवर माती चढवलीय, साहेब. माझं नाव नको."

खांब जेमतेम पुरुषभर उंच होते. आजूबाजूचं सगळं रान वाळलेलं, पण खांबांवरचं गवत ओलं. पायथ्याशी पहार टेकवून ठेवलेली.

"या गवताला पाणी कोण घालतं रे?"

मुकादमानं मान खाली घातली. "कोण घालणार, साहेब."

मोजणीदारानं पहार उचलली. माती चढवलेली असली की जुन्या गवताचा काळा थर आत सापडतो. त्यानं पहिला खांब वरून खाली उभा फोडला. थर नव्हता. भुसभुशीत माती ढासळून पायाशी आली.

"साहेब, बाकीचे राहू द्या ना," मुकादम काकुळतीला आला.

तेवढ्यानं मोजणीदाराची खात्रीच पटली. दुसरा फोडला. त्यातही काही नाही.

"निदान हा तरी सोडा." मुकादम तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला हो."

तिसराही आतून एकजात निघाला.

मोजणीदाराला मनापासून लाज वाटली. माणूस सरळ निघाला, आणि आपण त्याला चोर ठरवून मोकळे झालो. "मनावर घेऊ नकोस, बाबा," तो म्हणाला. "एकदा फसलो की सगळीकडे तेच दिसतं. चल, उंची घेऊ."

त्यानं मोजपट्टी उचलली, वळला आणि तसाच उभा राहिला. समोर मातीचे तीन ढीग होते.

मुकादमानं पाठीवरची माती झटकली. आता त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.

"साडेतीन मीटर लिहा," तो म्हणाला. "नाहीतर खांब कोणी पाडले, ते तुमच्या मोठ्या साहेबांना सांगावं लागेल."

मोजणीदारानं मापपुस्तक उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

फाटकाकडून वॉचमन किटली घेऊन आला.

"दाजी," तो मुकादमाला म्हणाला, "साहेबांना साखर चालते का?"