गाडी चालणार कुठे

"टायर नंतर बघू, साईं," सिंधी टायरवाला चंदूशेठ म्हणाला. "आधी बोला, गाडी चालणार कुठे?"

बाळराव ताम्हाण्यांनी हातातली वही चाळली. आठवडाभर टायरविषयी मिळेल ते वाचून त्यांनी वहीची सात पानं भरली होती, पण हा प्रश्न त्यांत नव्हता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. नेत्रा दुकानाच्या पायरीशी पाठमोरी उभी होती. उल्हासनगरात शिरताना ती गाडीत एवढंच म्हणाली होती, "टायर तुम्हीच ठरवा, बाबा. मला काही सुचत नाहीये."

नेत्रा गुरांची डॉक्टर. बदलापूरच्या मागे, बारवीच्या जंगलाकडच्या वाड्यांवर ती नऊ वर्षं एकटी जात होती. त्यासाठीच तिने ही चारही चाकांना जोर देणारी फोर-बाय-फोर गाडी घेतली होती. वाडीवरचा बुधाजी तर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला गोठ्यात शिरू देत नसे. आता गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि नेमकी त्याच आठवड्यात अंबरनाथच्या एका पशुखाद्य कारखान्यातून प्रयोगशाळेतली नोकरी चालून आली होती. उत्तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

कारखान्यात जायचं तर साधे रोडचे टायर पुरे होते. वाड्यांवर जायचं तर ऑल-टेरेन हवे, खोल खाचांचे, जाड बगलेचे. चंदूशेठने दोन्ही नमुने शेजारी शेजारी उभे केले होते. एकावर बोट ठेवलं की लेकीचं पुढचं आयुष्य ठरणार होतं. आणि बाळरावांना तर हॉटेलात चहा की कॉफी, हेही चटकन सांगता येत नसे.

रोडच्या टायरवरून त्यांची नजर हलेना. अंबरनाथ, डांबरी रस्ता, साडेपाचला सुट्टी, सहाला लेक घरी. नऊ वर्षं ते रोज संध्याकाळी गॅलरीत पुस्तक घेऊन बसत आणि एकही पान न उलटता कोपऱ्याकडे बघत राहत. गाडी वळताना दिसली की लगबगीने आत जात, आपण वाट बघत होतो हे तिला कळू नये म्हणून. त्यांची बायको कुमुदिनी जाण्याआधी बजावून गेली होती, की तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा, पोरीच्या पायात घालू नका. बाकी काही जमलं नसेल, पण तेवढं एक त्यांनी कसोशीनं पाळलं होतं.

चंदूशेठ त्यांची वही बघून हसला. पोथी वाचून टायर घेणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं, असं तो फिटरला म्हणाला. फिटरने तोवर पहिला जुना टायर रिमवरून उतरवला होता. चंदूशेठने तो उजेडाकडे वळवून आत डोकावलं आणि त्याचं हसू थांबलं.

"मॅडम, हे पंक्चर कुणी काढले?"

"मीच," नेत्रा वळून न बघता म्हणाली.

बाहेरून टायरवर काहीच दिसत नव्हतं. आत मात्र काळ्या रबरी दोऱ्यांची शेपटं लोंबत होती. चंदूशेठने समजावून सांगितलं. वाटेत पंक्चर झालं की ही चिकट दोरी बाहेरून भोकात खुपसायची आणि वरचं टोक कापून टाकायचं. आतलं टोक तसंच राहतं. आम्ही दुकानात आतून पॅच मारतो, हे असलं काम जागेवरच, हाताने केलेलं. चारही टायर उतरेपर्यंत त्याने शेपटं मोजली. अकरा भरली.

बाळरावांना त्यातलं एकही पंक्चर ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते उशिरा आलेले दिवस. म्हैस अडली होती, मीटिंग लांबली, डिझेलला रांग होती. प्रत्येक कारणाला त्यांनी मान डोलावली होती. आता कुठल्याशा चढणीवर, चाकाशी गुडघे टेकून बसलेली, दातांत टॉर्च धरलेली लेक त्यांना दिसली. रोडचे म्हणून टाक, आत्ताच्या आत्ता म्हणून टाक. शब्द अगदी ओठांवर आले.

मग दुसरं मनात आलं. अकरा वेळा हिने एकटीने निभावलं. घरी येऊन निवांत जेवली, एका शब्दाने बोलली नाही. अशा मुलीला कुणी थांबवायचं? ज्याला जन्मात सायकलची उतरलेली चेन बसवता आली नाही, त्या बापाने? भीती आपली, काम तिचं. त्यांनी हात ऑल-टेरेनच्या खाचांवर टेकवला.

"हे लावा," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्याहून मोठा निघाला. "गाडी वाड्यांवर चालणार आहे."

चंदूशेठने फिटरला खूण केली. मशीन घरघरलं आणि पहिला नवा टायर रिमवर चढू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी धीराचं केलं, असं बाळरावांना वाटलं, आणि त्याचा आनंद लेकीच्या चेहऱ्यावर बघायला ते वळले.

नेत्रा पायरीवर खाली बसली होती. टायरकडे बघत होती.

"अकराही वेळा मी आधी रडले होते, बाबा," ती हळूच म्हणाली. "वाटलं होतं, आज तरी तुम्ही पुरे म्हणाल."