लांबून काढलेली विहीर

शिरूरच्या जत्रेत बौद्धवाड्यातल्या ज्ञानूनं लिंबाखाली दोरी बांधून आपली चित्रं विकायला टांगली होती. त्याच्या गावचे शंकरराव पाटील स्वतःच्याच विहिरीच्या चित्रापुढं थबकले आणि चित्रकलेतलं सगळं आपल्यालाच कळतं अशा थाटात बोलू लागले.

"आरं ज्ञानू, इतक्या लांबनं काढलीस व्हय? पायऱ्या न्हाईत, पाणी न्हाई! बहात्तरच्या दुष्काळातबी आटली न्हाई ही विहीर. चार पावलं फुडं यायला पाय मोडले हुते का तुझे?"

भोवतीची माणसं फिदीफिदी हसली. ज्ञानूनं चित्र दोरीवरनं उतरवलं.



"पाटील, त्याच दुष्काळात घागर घिऊन आलो, तवा तुमच्या गड्यानं जिथं अडवलं, तिथनंच काढलीया."