ओच्यातल्या शेंगा

"ताई, या शेतात किती वर्षं राबताय?" तुरीत शिरता शिरताच रुचिकानं विचारलं.

"लगन होऊन मेडशीले आली तवापासून. अठरा वर्सं झाली," संगीता म्हणाली.

रुचिका पुण्याची. तिच्या सोसायटीतल्या दोनशे घरांना मधला व्यापारी नको होता, थेट शेतकऱ्याच्या हातची डाळ हवी होती. शेतकरी खरा की नुसता कागदावरचा, हे बघायला ती स्वतः आली होती. माल पुण्याला पाठवायचं काम गावातल्या दौलतसिंगकडे होतं. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून गुमान ऐकत होता.

पाहुणी खूश होऊन गेली पाहिजे, एवढंच संगीताच्या डोक्यात होतं. घरच्या वर्षभराच्या वरणाचा प्रश्न होता, दुसरं काय!

"बी टोबायचं कामही तुम्हीच केलं?"

"ह्याच हातानं. निंदलं बी म्याच. त्या तिकडच्या कोपऱ्यात पाणी थांबते, म्हून तिथली तूर ठेंगणी रायली."

दौलतसिंगनं मान वळवून त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

बोलता बोलता संगीता सारखी वाकत होती. गळालेली शेंग दिसली की उचलायची, ओच्यात टाकायची. रुचिका बघतच राहिली. आपल्याकडे वाटीभर उरलेलं वरण बिनदिक्कत सिंकमध्ये जातं, हे आठवून तिला चांगलीच लाज वाटली. तिनं मोबाइल काढला आणि वाकलेल्या संगीताचा फोटो घेतला.

"हाच फोटो पिशवीवर छापू. दाणा न् दाणा जपणारी शेतकरीण!"

संगीतानं लाजून पदर सारखा केला.

"आणि घरी किती तूर ठेवता, ताई?"

संगीतानं एकदा धुऱ्याकडे पाहिलं. "भेटन तितली."

रुचिका हसली. इतकं साधं माणूस तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दोनशे घरांची मागणी तिनं उभ्या उभ्याच पक्की केली, संगीताचे दोन्ही हात हातात घेतले आणि निघाली. तिची गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत दोघं हात हलवत होते.

"मस्त बोललीस," दौलतसिंग म्हणाला.

संगीतानं ओच्यातल्या शेंगा त्याच्या पुढ्यातल्या पोत्यात रिकाम्या केल्या, एकही मागे न ठेवता.

"मंग भाऊ," तिनं विचारलं, "बोलल्यापरमानं, तुरीची सोंगणी झाली की तुमच्या वावरात पडल्याल्या शेंगा मले येचू द्यान ना?"