मास्टरची मान

वरून अजून आवाज आला नव्हता.

कात्रीला तेल घालता घालता सलूनवाल्याचा हात थांबला. त्याने छताकडे पाहिलं. माडीवर त्याच्या मुलीचा दवाखाना सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. दारावर पाटी होती, 'कायरोप्रॅक्टर'. त्याखाली बारीक अक्षरात मणक्यांचं नि सांध्यांचं काहीबाही. पोर चांगली शिकून, परीक्षा देऊन आली होती. पण येणारा-जाणारा पाटी वाचून हसायचा. "बापाचाच धंदा की! खाली मान मोडा, वर मान मोडा."

सलूनवाल्याला ते ऐकून बरंच वाटायचं. दाढी झाली की गिऱ्हाइकाची मान दोन्ही हातांत धरून तो असा झटका द्यायचा, की 'कट्' आवाज समोरच्या दुकानात ऐकू जायचा. त्या आवाजासाठी लोक लांबून यायचे. सगळे त्याला मास्टर म्हणत. आपल्या बोटांतली विद्या पोरीच्या बोटांत उतरली, असंच तो धरून चालला होता. म्हणून तर आज त्याने आपलं खास गिऱ्हाईक वर पाठवलं होतं. बसचा ड्रायव्हर. गडी बोलघेवडा. याची मान एकदा वाजली की वरच्या रिकाम्या खुर्च्या भरल्याच म्हणून समजा.

जिन्यावर पावलं वाजली. ड्रायव्हर तणतणत आत आला. किल्ल्या आरशापुढे ठेवायला गेला, तर त्या हातातून निसटल्या. दुसऱ्या हाताने त्या उचलून तो खुर्चीत धपकन बसला.

"झालं इतक्यात?"

"काय व्हायचंय! मान दुखते म्हटलं, तर हात बघते. मूठ आवळा म्हणे. हाताला मुंग्या येतात का म्हणे. अहो, मान कुठे, हात कुठे! मी आपला उठलो नि आलो. दाढी करा, आणि तुम्हीच मोडा."

मास्टरने कात्री बाजूला ठेवली. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, फेस लावला, एक गाल केला. वस्तरा पुसला. पुन्हा पुसला. नजर सारखी छताकडे जात होती. ही अशी गिऱ्हाइकं पळवायला लागली, तर दवाखाना चालायचा कसा?

"आलोच," म्हणत तो जिना चढला.

मुलगी तपासणीच्या टेबलावरची चादर नीट करत होती. ती आधीच नीट होती.

"गिऱ्हाईक पळालं तुझं."

"पेशंट, बाबा. आणि त्यांना परत पाठवा. मला काळजी वाटतेय."

"काळजी मला वाटतेय! आवाज काढल्याशिवाय कोण थांबणार तुझ्याकडे? हाड जागेवर बसल्याचं कळायला नको?"

"हाड सरकलेलं नसतंच. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. त्यात बुडबुडा होतो, त्याचा आवाज येतो. आवाज आला म्हणजे माणूस बरा झाला, असं नाही. आणि कुणाला झटका द्यायचा नाही, हे ओळखणं हेही माझंच काम आहे."

"पुस्तक ठेव बाजूला. कर बघू माझ्यावर. चुकलीस तर मी सांगतो."

तो ऐटीत आडवा झाला. मुलीने दोन्ही तळवे त्याच्या डोक्याखाली घातले. तळवे उबदार होते. तेवढ्यात मास्टर ताडकन उठून बसला. त्याचे दोन्ही हात स्वतःच्या मानेवर होते.

"काय झालं? मी अजून काहीच केलं नाही."

"राहू दे."

"दुखलं का?"

"नाही गं. माझ्या मानेला मी कधी कुणाला हात लावू दिलेला नाही."

"कधीच नाही?"

"वेडी आहेस का! मान आहे ती. काही झालं तर?"

 मुलीने नुसती उशी सरळ केली. मास्टर आपल्या हातांकडे बघत बसला.

"मास्टर!" खालून हाक आली. "फेस वाळला इथे! आणि मान राहिलीय माझी!"

तो खाली आला. नवा फेस लावून त्याने दुसरा गाल केला. तोंड पुसलं. ड्रायव्हरने नेहमीसारखे डोळे मिटले आणि डोकं मागे सोडून दिलं. कडेवर झोपलेल्या पोराचं असतं, तसं सैल. हे मास्टरने रोज पाहिलं होतं. आज त्याला गळ्याची उडणारी शीरही दिसली.

त्याने एक हात हनुवटीला लावला, एक डोक्यामागे. ड्रायव्हर आवाजाची वाट बघत होता.

"हाताला मुंग्या येतात का रे?"

"येतात की." ड्रायव्हरने डोळे उघडले नाहीत. "परवा चालत्या गाडीत गिअर टाकताना हात हातासारखा वाटेचना. पण तुमच्या पोरीला बोललो नाही. उगाच म्हणायची, गाडी बंद करा." तो हसला. "म्हणून तर तुमच्याकडे येतो, मास्टर. तुम्ही कधी काही विचारत नाही."

मास्टरने हात काढून घेतले. कापडाची गाठ सोडली.

"ऊठ. वर चल."

"पण ती मोडणार आहे का?"

"माहीत नाही," मास्टर म्हणाला. त्याचा हात पुन्हा स्वतःच्या मानेकडे गेला होता. "चल तू. आधी तिच्या टेबलावर मी झोपतो."