पहिली वाटी

"शिरा करावा तर आमच्या बाबांनीच!" कढईतल्या तयार शिऱ्यावर तूप सोडत दादा बाहेरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. बाबांचा आज चौदावा दिवस. गोड खाऊन दुखवटा संपवायचा होता. "सकाळी उठून बायकोसाठी शिरा ढवळणारा नवरा अख्ख्या आळीत दुसरा नव्हता."

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठल्या सकाळी ढवळायचे, तेही सांग की."

तो शिरा व्हायचा आईला मारलं की, दुसऱ्या दिवशी. आई फुटलेल्या बांगड्यांच्या काचा वेचत असायची आणि बाबा पहिली वाटी तिच्यापुढे धरून, ती संपेपर्यंत उभे राहायचे. वाटी रिकामी झाली की रात्रीचा विषय काढायचा नाही, हा घरचा नियम.

"गेलेल्या माणसाबद्दल कसलं वाकडं बोलतेस?" दादा खेकसला. "आईनं कधी तक्रार केली?"

"तोंडात शिरा कोंबल्यावर कशी करणार?"

दादानं तिच्याकडे पाठ फिरवली. वाटी भरली, वर बेदाणे पेरले आणि कोपऱ्यात केळीची पानं पुसत बसलेल्या वहिनीपुढे धरली. "खा गं," तो मऊ आवाजात म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

वहिनीच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. वाटीसाठी पुढे केलेल्या उजव्या हातात एकही उरली नव्हती.

वैजयंतीनं वाटी हिसकावली आणि दादाच्या पायांवर पालथी केली.

"झाली रिकामी. आता बोल वहिनी, काल रात्री काय झालं?"